पूर्वी महिला महाविद्यालयांत वक्तृत्व आणि नाट्यवाचन शिकवत, म्हणजे नेमकं काय शिकवत? आजच्या मुलींना त्याचा काही उपयोग आहे का?

उपयोग आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण हा विषय निघाला की लोक ‘मुलींना गोड बोलायला शिकवायचे’ एवढं म्हणून मोकळे होतात. सत्तरच्या दशकात मी एका महिला महाविद्यालयात मराठी शिकवत होते आणि वक्तृत्व-नाट्यवाचनाचा तास माझ्याकडे होता. गोड बोलायला शिकवणारी मंडळी होती, नाही असं नाही. त्यांच्याशी माझं शेवटपर्यंत पटलं नाही.

काय शिकवायचो? श्वास, उच्चार, विराम, आघात. पदराशी चाळा न करता उभं राहायचं. चार माणसांतला ‘चार’ आणि गुरं चारण्यातला ‘चार’ वेगळे ऐकू आले पाहिजेत. पहिलं वाक्य शेवटच्या बाकापर्यंत पोचल्याशिवाय दुसरं उच्चारायचं नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलीने एखादा शब्द निसटला की हात वर करायचा, हा माझ्या वर्गातला नियम. पाठांतर बहुतेकींचं चोख असायचं, पण वाक्य कुठे तोडायचं ते ठाऊक नसायचं. छापलेल्या स्वल्पविरामावर थांबायच्या आणि अर्थ तिथेच सांडायचा. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं ते मातृभाषेतून शिक्षण द्यायचं हे धरूनच. त्या वळणाच्या महाविद्यालयांत मराठीत चार लोकांपुढे बोलणं ही अभ्यासाचीच गोष्ट मानली जायची, तासानंतरची करमणूक नाही.

आता त्या गोड आवाजाबद्दल. १८८० मध्ये किर्लोस्करांचं शाकुंतल रंगभूमीवर आलं, तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षं आपल्याकडे नाटकातली बाई बहुतेक पुरुषच करत होता. आधी भाऊराव कोल्हटकर, मग बालगंधर्व. फक्त बायकांच्या नाटक मंडळ्याही होत्या, पण मान पुरुष नटांना. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या आणि बोलणंही साधं केलं. तोवर रंगमंचावर बाई कशी बोलते, कशी रडते, हे मराठी कानाला पुरुषांनी शिकवून ठेवलं होतं. बालगंधर्वांबद्दल मला अपार आदर आहे. पुरुषाच्या गळ्यातून त्यांना बाई उभी करायची होती, म्हणून त्यांनी लाजरा, लाडिक, लांबवलेला सूर घडवला, आणि तो घडवायला असामान्य प्रतिभा लागते. पण जी मुळातच बाई आहे तिने तो सूर कशाला उसना घ्यायचा? आमच्या वेळच्या वडीलधाऱ्या शिक्षिका ती नाटकं आणि ध्वनिमुद्रिका ऐकत वाढल्या होत्या. त्यांच्या लेखी स्त्रीचा आवाज म्हणजे तोच.

आमच्या वसतिगृहात खेड्यातून आलेली एक मुलगी होती. आवाज जाड, जरा खरखरीत. मुली तिला ‘घोगरी’ म्हणायच्या. आमच्या विभागातल्या ज्येष्ठ बाईंनी मला बजावलं होतं, “हिला पडद्यामागचं काम द्या.” मी तिला गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधली सिंधू दिली, दारुड्या नवऱ्यापायी हाल सोसणारी.

पहिल्या वाचनाला तिने इतर मुलींसारखंच केलं. मान तिरकी, आवाज वर चढवलेला, प्रत्येक शब्दाचं शेपूट ओढलेलं. मी थांबवलं. सिंधूवर लोकांचं दळण दळायची पाळी येते, हे तिला ठाऊक होतं. मी विचारलं, “तुमच्याकडे जातं आहे?”

“आहे की बाई. पीठ गिरणीतनं आणतो, पण डाळी घरीच भरडतो.”

“दळताना अशी बोलतेस?”

ती हसली. “दळताना कुठलं बोलणं, बाई? दम पुरत नाही.”

“मग सिंधूला कुठून पुरतो?”

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातलं जातं वर्गात आणवलं. फरशीला चरे पडू नयेत म्हणून खाली पोतं घातलं. ती एक पाय लांब करून, दुसरा दुमडून बसली, खुंटा बसलाय की नाही ते हलवून पाहिलं, मूठभर ज्वारी वैरण म्हणून जात्याच्या तोंडात घातली आणि दळायला लागली. फेऱ्या एका लयीत पडू लागल्यावर म्हटलं, आता बोल. जातं स्वतःकडे ओढताना तिचा आवाज दाबला जायचा, पुढे जाताना सुटायचा. जिथे दम संपायचा तिथे वाक्य तुटायचं. आणि ते नेमकं तिथेच तुटायचं जिथे सिंधूला पुढचं बोलवत नाही. वैरण घालायला हात थांबला की तेवढ्यात एखादं वाक्य सलग यायचं. वर कोणाकडे बघणं नाही, सूर लावणं नाही. ती हळू बोलत होती, तरी शेवटच्या बाकावरून एकही हात वर आला नाही. मुलींनी मग पाळीपाळीने जात्यावर बसून तोच उतारा म्हटला. ज्या कधी दळायला बसल्या नव्हत्या त्यांनाही आपल्या गळ्यात आणखी एक आवाज आहे हे त्या दिवशी कळलं.

त्याच मुलीला मी त्याआधी सिंधूचा नवरा, सुधाकर, करायला दिला होता. महिला महाविद्यालयात पुरुषही मुलींनीच करायचे, धोतर नेसून, मिशा लावून. ज्येष्ठ बाई म्हणायच्या, याने मुली बिघडतात. मला मात्र त्यासारखा व्यायाम दुसरा मिळाला नाही. पुरुषाची भूमिका मिळाली की मुली बिनदिक्कत छाती भरून श्वास घेतात, कारण तिथे ‘हळू बोल’ म्हणणारं कोणी नसतं. तो श्वास एकदा सापडला की तोच घेऊन बाईच्या भूमिकेकडे परत यायचं.

एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तिने सिंधू केली. सामान न्यायला परवानगी नव्हती, म्हणून रिकाम्या रंगमंचावर नुसता हात फिरवत. परीक्षक नाटकातले जाणकार गृहस्थ. निकालाआधीच्या भाषणात म्हणाले, मेहनत दिसते, पण सिंधूसारख्या सात्त्विक स्त्रीला असा राठ आवाज शोभत नाही. सिंधू ऐकावी ती बालगंधर्वांची. बक्षीस नाही मिळालं, त्याचं मला काही नाही. पण ती मुलगी समोर बसून ते ऐकत होती. मी कार्यक्रम संपताच त्यांना गाठलं. म्हटलं, “सर, तुम्ही बालगंधर्वांची सिंधू पाहिलीत, ते तुमचं भाग्य. पण दळणारी बाई आम्ही पाहिली आहे.” ते म्हणाले, “बाई, नाटक म्हणजे वास्तव नव्हे. आणि गडकऱ्यांचं गद्य म्हणजे घरातलं बोलणं नव्हे.”

गडकऱ्यांच्या गद्याबद्दल त्यांचं खरं होतं. ते अलंकारांनी भरलेलं आहे, तसं कोणी घरात बोलत नाही. पण म्हणूनच ते साध्या आवाजात म्हणायला हवं. भाषेने आधीच इतका साज चढवलेला असताना आवाजानेही चढवला, तर श्रोत्याला सूर आठवतो, बाईचं दुःख आठवत नाही. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं १९१९ मध्ये, गडकरी गेल्यानंतर महिन्याभराने. सिंधू कशी बोलावी हे लेखकाला प्रयोगात कधी ऐकायलाच मिळालं नाही. मग तिचा एकच आवाज बरोबर, हे कोणी ठरवलं? हे सगळं त्या दिवशी मला मुद्देसूद सांगता आलं नसतं असं नाही, पण त्यांना गाडी गाठायची होती आणि आमच्या ज्येष्ठ बाई मला दंडाला धरून बाजूला नेत होत्या. बसमध्ये त्या मुलीला मात्र सगळं सांगितलं.

ती पुढे नाटकात गेली नाही, शाळेत शिक्षिका झाली. खच्चून भरलेल्या वर्गात दिवसभर शिकवूनही घसा बसत नाही, असं तिने मला कळवलं होतं. तुम्ही उपयोग विचारलात म्हणून सांगितलं.

आता मुलीसाठी वर्ग शोधत असाल तर एक तास मागे बसून ऐका. शिकवणारा पहिल्याच दिवशी आवाजाचा गोडवा, हसरा चेहरा, हातवारे यावर आला तर तिथे पैसे घालू नका. श्वासापासून सुरुवात करणारा असेल, मुलीला तिच्याच पट्टीत बोलू देणारा असेल, तर जरूर घाला. पाठ केलेली भाषणं घोकवून स्पर्धा जिंकून देणारे वर्ग पुष्कळ आहेत, त्यातून मुलगी बोलायला शिकत नाही. उतारा तिला स्वतःला निवडू द्या.

ज्यांचा आवाज मुळातच बारीक आणि गोड आहे त्यांनी तो जाड करायच्या भानगडीत पडू नये, माझं म्हणणं ते नाहीच. प्रमाण उच्चार स्पर्धेसाठी आणि नोकरीसाठी शिकावेत, पण घरची बोली त्यासाठी टाकू नये. आणि आवाज नेहमीचाच जाड असणं वेगळं, नव्याने बसणं वेगळं. घसा दोन-तीन आठवड्यांनीही सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर कुजबुजत बोलू नका, त्याने घशाला आराम मिळत नाही, उलट ताण पडतो.