कोंबडीची पाठ हिरवी पडली, जखम सडली का?

प्रश्न : बाकीच्या कोंबड्यांनी टोचून आमच्या एका कोंबडीच्या पाठीवर, शेपटीच्या वर, अंगठ्याच्या नखाएवढी जखम केली आहे. घरातलं मलम लावतोय. आता भोवतालची कातडी हिरवी दिसते. सडतंय का?

उत्तर : बहुतेक नाही. पक्ष्यांचा मुका मार हिरवाच दिसतो. आपल्याला मार लागला की काळानिळा डाग पुढे पिवळा पडतो. पक्ष्यांच्या अंगात हिरव्या रंगद्रव्याचं पिवळं करणारं विकर (एन्झाइम) नसतं, त्यामुळे दोन-तीन दिवसांत डाग हिरवागार होतो आणि हळूहळू विरतो. हा रंग पाहून घाबरलेली माणसं माझ्याकडे नेहमी येतात. सडलंय की नाही हे नाकाला कळतं. जखम हुंगून पाहा. घाण वास येत असेल, पू असेल किंवा कोंबडीने खाणं सोडलं असेल, तर डॉक्टर गाठा.

मलम मात्र आजच बंद करा. तेलकटपणाने पिसं चिकटतात, अंगातली ऊब टिकत नाही आणि चोचीने पिसं साफ करताना ते पोटातही जातं. त्यात बधिर करणारं औषध असेल तर आणखी वाईट. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवा आणि बिनसुईच्या सिरिंजने जखमेवर धार सोडा. चोळायचं नाही. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात कोऱ्या फिक्या चहासारखं दिसेल इतकं पातळ करून लावा. हायड्रोजन पेरॉक्साइड नको. ते फसफसतं म्हणून काहीतरी होतंय असं वाटतं, पण नवीन भरून येणारं मांसही त्याने जळतं.

आणि तिला वेगळी काढा, हा निम्मा इलाज. लाल दिसलं की बाकीच्या पुन्हा टोचणारच. मधे जाळी असावी, पण एकमेकींना दिसू द्या, म्हणजे परत सोडताना मारामारी कमी होते. सकाळ-संध्याकाळ पिसं बाजूला सारून बघा. माशी बसली तर एका दिवसात अळ्या पडतात. कोंबडा असेल तर त्याच्याकडेही लक्ष ठेवा. पाठ सोलण्यात त्याचाही हात, म्हणजे नख्या, असतात.

प्रश्न : मांजराच्या तोंडातून बजरीगर (छोटा पाळीव पोपट) सोडवला. पंखाखाली दोन बारीक ठिपके आहेत, रक्त नाही. धुऊन ठेवला तर चालेल ना?

उत्तर : अजिबात नाही. आत्ताच न्या. मांजराचा दात सुईसारखा शिरतो, वरचं भोक बुजतं आणि पाश्चुरेला जंतू आत राहतात. पहिल्या काही तासांत अँटिबायोटिक मिळालं नाही तर वरवर ठणठणीत दिसणारा पक्षीही एक-दोन दिवसांत जातो.

तोवर भोकं पाडलेल्या अंधाऱ्या खोक्यात, 30 अंशांच्या आसपास उबेत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, माणसांची वेदनाशामकं देऊ नका. धरताना छाती दाबू नका. पक्ष्यांना श्वासपटल (छाती-पोटामधला श्वासाचा स्नायू) नसतं, छातीचं हाड हललं तरच श्वास चालतो. रक्त येऊ लागलं तर गॉझने दाबून धरा. 35 ग्रॅमच्या पक्ष्यात रक्त असतं जेमतेम साडेतीन मिलीलिटर, आणि वीसेक थेंबांचा एक मिलीलिटर होतो. कॉर्नफ्लोअर तुटलेल्या नखावर चालतं, कातडीच्या जखमेत नको. कातडीखाली हवा भरून कुरकुर लागत असेल तर वायुकोश, म्हणजे फुफ्फुसाला जोडलेली हवेची पिशवी, फुटला असण्याची शक्यता असते, तेव्हा डॉक्टरांना हे सगळ्यात आधी सांगा.