वाचकांचे प्रश्न : बसवलेलं आणि जागेवर सुचलेलं

प्रश्न : किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द नाइट वॉच’ या लाइव्ह अल्बममध्ये बसवलेलं काय आणि जागेवर सुचलेलं काय, हे कानाने कसं ओळखायचं?
– एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाव सभागृहात २३ नोव्हेंबर १९७३ ला झालेल्या या कार्यक्रमात दोन्ही टोकं सापडतात. आधी ‘फ्रॅक्चर’ लावा. ही बँडचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिपची लिहिलेली रचना. गिटारच्या अवघड, सलग धावत्या सुरांना बास आणि ड्रम नेमक्या जागी येऊन मिळतात. सगळे एकदम वळले, की ते वळण बहुधा तालमीतलं असतं. मग ‘ट्रायो’ ऐका : व्हायोलिन, बास आणि मेलोट्रॉन (टेपवर आधीच रेकॉर्ड केलेले वाद्यांचे सूर वाजवणारं कीबोर्ड). इथे एकाने सूर ठेवला की दुसरा किंचित थांबून उत्तर देतो. ड्रमवादक बिल ब्रुफर्डने यात एकही ठोका दिला नाही, तरी रचनाकारांत त्याचं नाव आहे. गप्प बसण्याचा त्याचा निर्णय हाही संगीताचाच भाग मानला गेला, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त बासवर कान ठेवा, दिशा कोण बदलतंय ते कळेल. हेच दोन तुकडे टाळ्या काढून १९७४ च्या ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’मध्ये घेतले होते, म्हणून अनेकांना ते स्टुडिओतले वाटतात.

प्रश्न : आमच्या बँडचा असाच, थोडं बसवलेलं आणि थोडं जागेवर सुचलेलं वाजवण्याचा कार्यक्रम नाशिकमधल्या एका सभागृहात आहे. रेकॉर्डिंग कसं करावं?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : मिक्सरचं फक्त स्टिरिओ आउटपुट, म्हणजे सगळी वाद्यं एकत्र मिसळलेला आवाज, घेऊ नका. छोट्या सभागृहात गिटारचा अँप मंचावरूनच पुरेसा ऐकू येतो, म्हणून मिक्सरवर तो कमी ठेवतात आणि रेकॉर्डिंगमध्ये गिटार हरवते. प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक घ्या, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. १६ ट्रॅकना तासाला साधारण ८.३ जीबी लागतात. साउंडचेकला सर्वांत जोरकस भाग वाजवून पीक (आवाजाची सर्वांत उंच पातळी) रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा; रंगात आल्यावर हात जड पडतोच. अँपचं तोंड ड्रमच्या माइकांकडे नको. प्रेक्षकांसाठी दोन माइक लावा. ते मंचापासून १० मीटरवर असतील तर आवाज सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, मिक्सिंगमध्ये ते ट्रॅक तेवढे आधी सरकवा, नाहीतर ड्रमचा ठोका दुहेरी ऐकू येईल. लॅपटॉपचा स्लीप मोड बंद करा आणि इंटरफेसही (माइकांचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारं यंत्र) यूपीएसवर घ्या.

चुकलेला सूर नंतर वाजवून बसवायचा विचार सोडा. क्लिक (कानात वाजणारा ठरावीक ठेका) नसल्याने लय हलते, जुना सूर इतर माइकांत उतरलेला असतो, आणि मुख्य म्हणजे बाकीच्यांनी त्याच सुराला उत्तर दिलेलं असतं. शक्य असेल तर सलग दोन दिवस वाजवा आणि चांगला प्रयोग पूर्ण घ्या.