गिझर लावला की एमसीबी पडतोय, कोल्हापुरात चांगला वायरमन कसा शोधायचा?
तुमच्या पेठेतल्या नाहीतर राजारामपुरी-शाहूपुरीकडच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारा, रोज माल नेणारे वायरमन त्यांना माहीत असतात आणि कुणाचं काम परत उकरावं लागतं हेही तेच सांगतात, फक्त परवाना आहे का तेवढं विचारून घ्या. त्याआधी गिझरचा प्लग काढून एमसीबी वर करून बघा की, टिकला तर एकतर गिझरची कॉइल गेलीय नाहीतर पॉइंट छोटा पडतोय. 2000 वॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर ओढतो, त्याला 16 अँपिअरचा वेगळा पॉइंटच लागतो. नुसता मोठा एमसीबी टाकून घेऊ नका हं, वायर जळते! अख्ख्या गल्लीची लाईट गेली किंवा खांबावर ठिणग्या उडत असतील तर मात्र वायरमन नको, महावितरणला 1912 वर फोन लावा.