विद्यापीठाचा जमाखर्च विचारण्याचा हक्क

प्रश्न : माझी मुलगी पुण्यातील एका सार्वजनिक विद्यापीठात एम.ए. करते. तिच्या विभागात कायम प्राध्यापक मोजकेच उरले असून बरेचसे विषय तासिका तत्त्वावरील शिक्षक शिकवतात. शुल्क मात्र वाढते आहे. चौकशी केली तर ‘शासनाची मान्यता नाही’ एवढेच उत्तर मिळते. सरकार पैसा देते म्हटल्यावर त्याने कारभारात लक्ष घालणे गैर कसे? आणि हा पैसा जातो कुठे, हे माझ्यासारख्या पालकाला कसे कळेल?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : सरकारचा पैसा हा करदात्यांचा पैसा आहे, त्यामुळे त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार सरकारला आहेच. परंतु हिशेब मागणे वेगळे आणि कारभार ताब्यात घेणे वेगळे. शासनाचे साहाय्य म्हणजे शैक्षणिक धोरणांवरील शासनाचे नियंत्रण नव्हे, असे डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने 1948-49 मध्येच, म्हणजे पुणे विद्यापीठाची स्थापना होत होती त्याच सुमारास, बजावले होते.

हस्तक्षेपाची चर्चा बहुधा कुलगुरूंच्या निवडीपाशी घुटमळते, आणि तो विषय गंभीरच आहे. डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या विद्यापीठ कायद्यातील दुरुस्तीनुसार कुलगुरुपदासाठी कुलपतींकडे, म्हणजे राज्यपालांकडे, दोन नावे पाठवण्याचा अधिकार राज्य सरकारला मिळणार होता. ती दुरुस्ती अमलात आली नाही आणि पुढच्या सरकारने ती मागे घेतली. तरीही तुमच्या मुलीच्या वर्गाशी ज्याचा थेट संबंध आहे, ती मेख पदमान्यतेत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार राज्य सरकारच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठाला नवे पद निर्माण करता येत नाही. मंजूर असलेली पदे भरतानाही मंत्रालयाच्या परवानगीची वाट पाहावी लागते. अभ्यासक्रमात एका अक्षराचीही ढवळाढवळ न करता, केवळ एखादी फाइल रखडवून, एखादा विषय शिकवणे बंद पाडता येते. शिक्षक नसल्याने मग तासिका तत्त्वावर भागवले जाते, आणि खर्चाची तोंडमिळवणी परीक्षा शुल्क, महाविद्यालयांचे संलग्नता शुल्क व स्वयंअर्थसहाय्यित (म्हणजे अनुदानाविना, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालणारे) अभ्यासक्रम यांतून केली जाते. शासनाने उचलायचा भार अशा रीतीने विद्यार्थ्यांच्या खिशावर येतो, ही मला सर्वांत अन्यायाची बाब वाटते.

मात्र विद्यापीठालाही सगळे खापर मंत्रालयावर फोडून मोकळे होता येणार नाही. जे विद्यापीठ स्वतःचा जमाखर्च लोकांपुढे उघडपणे ठेवत नाही, त्याने स्वायत्ततेची मागणी केली तरी तिच्या पाठीशी लोक उभे राहत नाहीत.

तुम्ही प्रथम विद्यापीठाचा अर्थसंकल्प मिळवा. तो अधिसभेपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटपुढे, मांडला जातो. त्यात एखाद्या बाबीसाठी केलेली तरतूद आणि मागील वर्षी त्याच बाबीवर प्रत्यक्ष झालेला खर्च हे आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचा. ग्रंथालय किंवा संशोधन यांसाठी भरघोस तरतूद दिसते आणि खर्च निम्माही होत नाही, असे आढळले तर तिथे शासनाच्या परवानगीची सबब कितपत लागू पडते, हे विचारता येते.

अर्थसंकल्पातून उलगडा झाला नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत हवा. ‘पैसा कुठे गेला?’ असे मोघम विचारू नका. ‘अमुक विभागातील मंजूर, भरलेली व रिक्त शिक्षकपदे, आणि रिक्त पदे भरण्यासाठी शासनाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती’ असे नेमके मागा. प्रस्ताव विद्यापीठाने पाठवलाच नाही की मंत्रालयात अडकला, हे त्या पत्रांच्या तारखांवरून कळेल. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे; न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास विद्यापीठातच प्रथम अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येते.

तुम्ही स्वतः त्या विद्यापीठाचे पदवीधर असाल, तर नोंदणीकृत पदवीधर म्हणून नाव नोंदवा. अधिसभेतील 10 जागा पदवीधर मतदारसंघातून निवडल्या जातात, आणि त्या सदस्यांना अर्थसंकल्पावर प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला रिक्त पदांचा प्रश्न आधी विचारा.