जुना सीआरओ (ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र) घरी उघडून दुरुस्त करता येतो का, आणि त्याची अर्थ पिन काढली तर चालते का?

दुरुस्त करता येतो, बराचसा घरीच करता येतो. पण अर्थ पिन काढून टाक असं तुमचा मित्र सांगतोय, ते अजिबात ऐकू नका. तुम्ही लिहिलंय की डिप्लोमाला आहात, जुन्या बाजारात २० मेगाहर्ट्झचा ॲनालॉग सीआरओ मिळाला, पॉवरचा दिवा लागतो पण ट्रेस (पडद्यावरची उजळ रेघ) दिसत नाही, आणि चालू झाला की त्यावर चार्जर-टीव्हीचे एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) तपासायचेत. मी टेस्ट इन्स्ट्रुमेंटच्या सर्व्हिसिंगमध्येच काम करतो, तर आधी अर्थचं बोलतो, कारण सीआरओच्या आतल्या व्होल्टेजला सगळे घाबरतात पण झटका बऱ्याचदा बाहेरून बसतो.

प्रोबची काळी क्रोकोडाइल क्लिप असते ना, ती बीएनसीच्या (प्रोब लावायच्या गोल सॉकेटच्या) बाहेरच्या रिंगला जोडलेली असते, रिंग चासीला (धातूच्या सांगाड्याला), चासी अर्थ पिनला आणि अर्थ पिन घराच्या अर्थिंगला. म्हणजे ती क्लिप जिथे लावाल ती जागा तुम्ही थेट अर्थ करताय. आता एसएमपीएसच्या प्रायमरी (मेन्सकडच्या) बाजूला २३० व्होल्ट सरळ डायोडच्या ब्रिजमधून जाऊन साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतात, मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, आणि त्या ब्रिजचं निगेटिव्ह टोक दर सायकलमध्ये एकदा डायोडमधून फेजला टेकतं. दिसायला ते ग्राउंड, पण आहे गरम, म्हणजे फेजशी जोडलेलं. तिथे क्लिप लावली की फेज-डायोड-क्लिप-अर्थ असा सरळ शॉर्ट, फट्ट आवाज, ब्रिज गेला, फ्यूज गेला, क्लिपचं टोक वितळलं. हे एकदा झालं की कुणीतरी शहाणा सांगतो की अर्थिंगमुळे होतंय, टू-पिन लावून टाक. लावल्यावर खरंच भडका होत नाही. कारण आता अख्खी चासीच त्या गरम ग्राउंडवर जाऊन बसलेली असते, बीएनसीची रिंग, कॅबिनेटचे स्क्रू, सगळं. तुमचा एक हात त्या रिंगला आणि दुसरा अर्थ असलेल्या सोल्डरिंग आयर्नला लागला की करंटचा रस्ता छातीतून जातो. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थला गळला की लाइन तोडणारा ब्रेकर) असेल तर तो कदाचित वाचवेल, पण किती घरांत असतो तो?

मग एसएमपीएस बघायचा कसा? स्वस्तातला उपाय तुमच्या सीआरओमध्येच आहे. दोन्ही प्रोब बाय टेनवर (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या सेटिंगवर) ठेवा, दोन्ही क्लिपा सर्किटला लावायच्याच नाहीत, एकमेकींना जोडून बाजूला ठेवा. पहिल्या चॅनेलची, म्हणजे सीएच-१ ची टीप एका पॉइंटला, सीएच-२ ची दुसऱ्या, दोन्हीचं व्होल्ट्स पर डिव्हिजन सारखं, सीएच-२ इन्व्हर्ट आणि मोड ॲड. स्क्रीनवर दोघांतला फरक दिसतो. ५ व्होल्टच्या सेटिंगला बाय टेन प्रोबने एका डिव्हिजनला ५० व्होल्ट, आठ डिव्हिजनला ४००, म्हणजे ३२५ बसतात. प्रोबवर ६०० व्होल्ट छापलंय का ते मात्र बघा. वेव्हफॉर्म एकदम स्वच्छ मिळणार नाही, तेवढं चालवून घ्या. पैसे असतील तर डिफरन्शियल प्रोब (दोन पॉइंटमधला फरक स्वतःच मोजणारा) घ्या.

दुसरा उपाय आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सर्किटला मेन्सपासून वेगळं करणारा. तो ज्या सर्किटची तपासणी करताय त्याला लावायचा, सीआरओला नाही, इथे भल्याभल्यांचा उलटा कारभार चालतो. आणि ट्रान्सफॉर्मर लावला म्हणजे काहीही हाताळायला मोकळे असं समजू नका, कारण सीआरओची क्लिप लावली की सर्किटची ती बाजू परत अर्थ झाली, आता दुसऱ्या टोकाला हात लावला तर झटका बसणार, आणि ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा फॉल्ट आरसीसीबीला दिसतच नाही त्यामुळे तो ट्रिपही होणार नाही. लॅपटॉपला लावायचा यूएसबी स्कोप असेल तर ग्राउंड यूएसबीतून लॅपटॉपच्या बॉडीवर येतं, चार्जर काढून बॅटरीवर चालवला तर तो लॅपटॉपच गरम होतो, आणि टायपिंग तुम्ही त्यावरच करणार.

घराचं अर्थिंगही एकदा वायरमनकडून अर्थ टेस्टरने तपासून घ्या, जुन्या वाड्यांत-चाळीत तिसऱ्या होलमागे वायरच नसते. फेज आणि अर्थमध्ये मल्टीमीटर २३० दाखवतो म्हणून खूश होऊ नका, मीटरची आतली रेझिस्टन्स १० मेगाओहम, त्याला २३ मायक्रोअँपिअर पुरतात, गंजलेल्या वायरमधून तेवढे आरामात जातात. फॉल्टचे दहा-वीस अँपिअर जातील का, ते त्यावरून कळत नाही.

आता तुमचा सीआरओ. उघडायच्या आधी बाहेरून सगळं बघा, कारण 'ट्रेस नाही' म्हणून येणाऱ्यांत कितीतरी धडधाकट असतात. ट्रिगर ऑटोवर करा (नॉर्मलवर असेल तर सिग्नलशिवाय ट्रेस येत नाही), एक्स-वायचं बटण बाहेर आहे ना बघा, कपलिंग जीएनडीवर, पोझिशनचे तिन्ही नॉब मध्यावर, होल्डऑफ कमीत कमी, मग इंटेन्सिटी हळूहळू वाढवा. एक्स-वाय दाबलेलं असेल तर एक ठिपका दिसेल, तो प्रखर करून तसाच ठेवला तर फॉस्फर जळून कायमचा काळा डाग पडतो. मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तोही बघा, बाहेरच्या देशातून आलेला जुना माल कधीकधी ११५ वर असतो.

तरीही काही नाही, तर उघडा. पण प्लग काढून. स्विच बंद केला म्हणजे झालं असं नाही, सॉकेट उलटं वायर केलेलं असेल तर सिंगल पोल स्विच न्यूट्रल तोडतो आणि फेज आतपर्यंत तसाच. प्लग काढा, तो तुमच्या डोळ्यांसमोर टेबलावर ठेवा.

आत दोन प्रकारचे कपॅसिटर. पॉवर सप्लायचे मोठे इलेक्ट्रोलायटिक, हे रेझिस्टरने उतरवायचे, स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून नाही. एसएमपीएसमधला २२० मायक्रोफॅरडचा ३२५ व्होल्टला भरलेला कपॅसिटर म्हणजे साडेअकरा जूल, टोक उडतं, ट्रॅक उडतो. २.२ किलोओहम १० वॅटचा वायरवाउंड घ्या, वायरींवर स्लीव्ह चढवा, तीन-चार सेकंद धरा, मग मीटरने बघा. थोड्या वेळाने परत बघा, मोठे कपॅसिटर स्वतःहून थोडं व्होल्टेज परत काढतात.

दुसरे एचटीचे (हाय टेन्शनचे). तुमच्याकडे आहे त्या प्रकारच्या सीआरओत, म्हणजे कॉलेजच्या लॅबमध्ये सायंटिफिक नाहीतर ॲपलॅब कंपनीचे २० मेगाहर्ट्झवाले असायचे तसे, पडद्याच्या ट्यूबला साधारण २००० व्होल्ट असतात, आणि बहुतेक डिझाइनमध्ये ते निगेटिव्ह, कॅथोडच्या बाजूला. सगळ्यात फसवी जागा इथेच आहे. ट्यूबच्या मागे सॉकेटवर हीटरच्या दोन पिना, सर्किटमध्ये लिहिलेलं असतं ६.३ व्होल्ट, वाचून माणूस म्हणतो सहा व्होल्टला काय होतंय. पण ते वाइंडिंग कॅथोडबरोबर उणे २००० वर तरंगत असतं, पाचव्या मजल्याच्या कठड्यावर सहा इंचाचा पाट ठेवून त्यावर चढण्यातला प्रकार. त्या दोन पिनांत ६.३ बरोबर आहेत, चासीच्या हिशोबाने २०००. साधा मल्टीमीटर १००० व्होल्टपर्यंतचा, त्यामुळे एक प्रोब चासीला आणि दुसरा तिथे हे करूच नका. हीटर पेटलाय का ते अंधार करून ट्यूबच्या मानेत डोकावून बघा, नारंगी चमक दिसली की झालं, मोजायला कशाला पाहिजे.

इंटेन्सिटी आणि फोकसचे पॉट (नॉबमागचे बदलते रेझिस्टर) आठवा, बऱ्याच सीआरओत त्यांचा दांडा लांब प्लास्टिकचा असतो. ती काही काटकसर नाही, पॉट स्वतः एचटीवर असतो म्हणून. दांडा तुटला म्हणून कुणी मेटलच्या दांड्याचा पॉट लावलाय का ते जुन्या मालात आवर्जून तपासा, असा जुगाड केलेला पीस माझ्या हातात आलेला आहे, बाहेरून नॉब अगदी निष्पाप दिसत होता.

एचटी उतरवायला अर्ध्या वॅटचे १ मेगाओहमचे सहा-आठ रेझिस्टर सिरीजमध्ये जोडून इन्सुलेटेड दांडीला बांधा, एक टोक आधी चासीला पक्कं. एकच रेझिस्टर चालत नाही, त्याची स्वतःची व्होल्टेज रेटिंग तीनशे-साडेतीनशेच्या आसपासच असते.

मग फॉल्ट शोधायचा तो सप्लायपासून. प्लस-मायनस १२, ५, आणि शंभराच्या वरची एक लाइन असते डिफ्लेक्शनसाठी, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये टेस्ट पॉइंट दिलेले असतात. मोजताना मीटरची काळी लीड क्लिपने चासीला आधीच लावून ठेवायची, लाल एका हाताने धरायची, दुसरा हात खिशात. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. आणि तो ईएसडीचा (स्थिर वीज उतरवणारा) मनगटाचा पट्टा, तो प्लग काढलेला असतानाच, चालू एचटीवर काम करताना तुम्ही स्वतःला अर्थला बांधून कशाला घेताय. घरात कुणीतरी असावं आणि त्याला मेन स्विच कुठे आहे ते माहीत असावं.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सरळ लाइनवर लावू नका, सिरीज बोर्डवर लावा, साधा पिवळा ६० वॅटचा बल्ब (एलईडी चालत नाही). बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर ट्रान्सफॉर्मरवाल्या जुन्या सीआरओला उत्तम, पण एसएमपीएसवाल्या इन्स्ट्रुमेंटला हळूहळू व्होल्टेज चढवू नका, कमी व्होल्टेजला तो जास्त करंट ओढतो. आणि डिमरस्टॅट म्हणजे आयसोलेशन नव्हे, त्याचं वाइंडिंग एकच असतं.

ॲटेन्यूएटरचे (व्होल्ट्स पर डिव्हिजनचे) स्विच खरखरत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर नाहीतर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), डब्ल्यूडी-४० नको. आतले ट्रिमर (ॲडजस्टमेंटचे छोटे स्क्रू) हलवू नका. ट्रिमर आपोआप फिरत नाही, फॉल्ट दुसरीकडेच असतो, आणि पाच ट्रिमर फिरवून आलेला पीस दुरुस्त करणं म्हणजे डोक्याला ताप.

मल्टीमीटरकडेही लक्ष द्या, तुमचं सगळं मोजमाप त्याच्या भरवशावर आहे. लाल लीड १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये विसरून व्होल्टेज मोजायला गेलं की मीटर म्हणजे नुसता वायरचा तुकडा, तेव्हा आतला फ्यूजच काय तो मधे पडतो. फ्लूकच्या ८७-५ मध्ये ४४० मिलीअँपिअर आणि ११ अँपिअरचे, दोन्ही १००० व्होल्टचे फ्यूज असतात, महाग असतात म्हणून लोक काचेचा फ्यूज किंवा सरळ तार टाकतात. मोठ्या शॉर्टला काचेचा फ्यूज फुटतो आणि आत आर्क चालूच राहतो. मीटरवर कॅट थ्री ६०० व्होल्ट (हा मीटरचा सुरक्षिततेचा दर्जा) लिहिलं असेल तर लीडवरही तेवढंच लिहिलेलं हवं.

कव्हर लावल्यावर शेवटच्या दोन टेस्ट. प्लग काढलेला असताना अर्थ पिन ते चासी, एक ओहमच्या बराच आत यायला हवं, वायर हलवतानाही. मग सीआरओचा स्विच ऑन ठेवून फेज-न्यूट्रल पिना एकत्र करून त्या आणि अर्थमध्ये ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन टेस्टर), दोन-चार मेगाओहमपेक्षा कमी आलं तर लाइन फिल्टर किंवा ट्रान्सफॉर्मर बघा.

ट्रेस आला की प्रोब पुढच्या कॅलच्या (कॅलिब्रेशनच्या) पिनेला लावून स्क्वेअर वेव्हचे कोपरे सपाट करून घ्या, घरच्या कामाला तेवढं पुरतं. कंपनीच्या रिपोर्टमध्ये रीडिंग टाकायचं असेल तरच एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची लॅब, मुंबईत चुनाभट्टीला आयडेमी आहे, पण सर्टिफिकेटचा खर्च जुन्या सीआरओच्या किमतीला भारी पडेल.