हायलक्स 18 बाय 10 च्या गॅरेजमध्ये बसेल का?

तुमचा प्रश्न असा: कोल्हापूरच्या रुईकर कॉलनीतला जुना बंगला, नकाशावर गॅरेज 18 बाय 10 फूट, फरशी रस्त्यापेक्षा खाली, आणि घ्यायची आहे टोयोटाची पिकअप, हायलक्स. बसेल का, की विचार सोडून द्यावा?

मी उद्यमनगरात शटर आणि गेटची कामं करतो. बहुतेकांचा फोन गाडी दारात येऊन उभी राहिल्यावर येतो. तुम्ही बुकिंगच्या आधी विचारलंत, हे फार बरं केलंत.

गाडीची लांबी 5325 मिलिमीटर, रुंदी 1855, उंची 1815. आपल्या टेपवर ही लांबी साडेसतरा फुटांना अर्धा इंच कमी, रुंदी सहा फूट एक इंच आणि उंची सहा फुटांना अर्धा इंच कमी अशी येते. इसुझूची व्ही-क्रॉसही जवळपास याच मापाची आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत एका मोटारीसाठी 2.5 बाय 5 मीटर जागा धरली आहे. म्हणजे नव्या नियमाच्या जागेतूनसुद्धा ही गाडी फूटभर बाहेर राहते. तुमचं जुनं गॅरेज त्यापेक्षा लांब आहे, ही जमेची बाजू.

पण नकाशातल्या 18 वर विसंबू नका. जुन्या नकाशात कित्येकदा भिंतीच्या बाहेरून बाहेर माप असतं. तसं असेल तर मागची नऊ इंची भिंत आणि गिलावा वजा करा. सव्वासतरा फूटसुद्धा हातात येत नाहीत, आणि मग गाडी बसतच नाही. आतून आत 18 मिळत असेल तर पुढेमागे मिळून साडेसहा इंच उरतात. त्यातले तीनेक इंच आत बसवलेलं शटर आणि त्याची गाईड, म्हणजे शटर ज्यात सरकतं ती बाजूची पट्टी, खातात. उरलेल्या तीन इंचांत रोज गाडी लावणं म्हणजे रोज बंपरची परीक्षा.

म्हणून टेप घेऊन आतून मापा, तेही तीन ठिकाणी: फरशीला, बंपरच्या उंचीला आणि खांद्याच्या उंचीला. जुन्या भिंती ओळंब्यात असतातच असं नाही. कुठे पाइप, कुठे मीटरचा बोर्ड, कुठे खांबाचा कोपरा पुढे आलेला असतो. सगळ्यांत कमी येईल तेच तुमचं माप.

लांबीवर माझ्या हातातला खरा उपाय शटरचा आहे. शटर लिंटेलच्या, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईच्या, आतून असेल तर ते काढून बाहेरच्या अंगाला बसवायचं. भिंतीची जाडी आत मिळते, म्हणजे नऊ इंच, आणि शटर ज्यावर गुंडाळतं तो ड्रमही बाहेर जातो. त्यासाठी शटर आणि त्याचा बॉक्स तुमच्याच हद्दीत राहायला हवा. बंगल्याच्या पुढे मोकळी जागा असते, त्यामुळे बहुधा अडचण येऊ नये. आणखी एक बघा: गॅरेजच्या मागच्या टोकाला जिन्याचं लँडिंग आहे का? खाली साडेचार फूट मोकळे मिळत असतील तर गाडीचं बॉनेट त्याखाली सरकतं. मात्र त्यासाठी गाडी तोंड आत करून लावावी लागेल.

आता उंची. इथंच बहुतेक जण फसतात, आणि तुमच्याकडे तर फरशी खाली आहे. कोल्हापुरात डांबराचे थर चढत रस्ता वर येत गेला आणि जुनी जोती खाली राहिली. गाडी उतरताना पुढची चाकं आत फरशीवर, मागची अजून वर ढाळावर, आणि टप नेमका लिंटेलखाली, अशी एक वेळ येते. दोन चाकांमधलं अंतर दहा फुटांच्या वर आहे. मागची चाकं फूटभर वर असतील तर गाडीचा मधला भाग अर्धा फूट वर उचललेला असतो. म्हणजे सहा फुटांची गाडी त्या घटकेला साडेसहाची होते. त्यात शटरची फूट-सव्वा फुटाची गुंडाळी लिंटेलखाली लोंबत असेल आणि खालची पट्टी पूर्ण वर न ढकलता तशीच सोडली असेल, तर टपावर आडवा ओरखडा ठरलेलाच. लिंटेलखाली निव्वळ सात फूट मिळाले तर बिनधास्त या. कमी असेल तर ढाळ लांबवा, म्हणजे उतार सौम्य होईल, पण आपल्या हद्दीत. गटारावर, रस्त्यावर काँक्रीट ओतू नका.

उंची वाढवायला बीम किंवा लिंटेल तासून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. वर तुमचं घर उभं आहे. कोयना इथून लांब नाही, आणि 1967 चा भूकंप पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं लेखी सांगितल्याशिवाय छिन्नीसुद्धा लावू नका.

रुंदीची काळजी तुलनेनं कमी. दहा फुटांत गाडी गेली की चार फूट उरतात. डावी बाजू भिंतीपासून फूटभर ठेवली तर ड्रायव्हरकडे जवळपास तीन फूट मिळतात, आणि दार नीट उघडतं. दोन्ही गाईडमधलं अंतर मात्र मापा. आठ फूट असेल तर उघड्या आरशांसकट गाडी जाते, पण प्रत्येक बाजूला पाच-सहा इंचच राहतात.

मी तुमच्या जागी असतो तर गाडी उलटी लावली असती, लँडिंगचा उपयोग करून घ्यायचा नसेल तर. सकाळी रस्त्यावर येताना समोरचं दिसतं. शिवाय फरशी खाली असलेलं गॅरेज पावसात सगळ्यांत आधी भरतं. तोंड बाहेर असलेली गाडी पटकन निघते. 2019 आणि 2021 च्या पुरात शहराच्या सखल भागांत गाड्यांचे काय हाल झाले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. घराकडे जाणारं आतलं दार कुठल्या भिंतीत आहे तेही बघा, कारण ड्रायव्हरची बाजू त्या भिंतीकडे आली तर उतरून सरळ घरात जाता येतं. मागच्या चाकांसाठी फरशीत लोखंडी चॅनेल बोल्टनं बसवा आणि भिंतीला बंपरच्या उंचीवर जुन्या टायरचे तुकडे ठोका. मागचं फळकं गॅरेजमध्ये उघडणार नाही, माल बाहेरच उतरवावा लागेल.

गाडीला पुढे लोखंडी गार्ड लावायचा विचार असेल तर तो सोडा. लांबी वाढते हे एक, आणि डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या विरोधात असल्याचं राज्यांना कळवलं आहे.

बुकिंगच्या आधी शोरूमवाल्याला सांगून टेस्ट ड्राइव्हची गाडी घरीच मागवा आणि ढाळावरून सावकाश आत घ्या. एक माणूस लिंटेलपाशी टपाकडे बघत उभा ठेवा. तिथं कळेल ते कागदावर कळत नाही.

आतून आत लांबी, लिंटेलखालची उंची, दोन गाईडमधलं अंतर आणि रस्ता फरशीपेक्षा किती इंच वर आहे, एवढं इथं खाली लिहा. शटर बाहेर काढून जमतंय की अंगणात पत्र्याचं शेड करावं लागेल, ते मी मापं बघून सांगतो.