सुपरकंडक्टर आणि चुंबक एकमेकांचे वैरी, मग स्पिनट्रॉनिक्समध्ये ते एकत्र कसे वापरतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: या दोघांचं जमतं कसं, आणि त्यामुळे ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांचं विजेचं बिल उतरेल का. मी ठाण्यात एम.एस्सी.ला फिजिक्स शिकवतो. पीएच.डी.ची वर्षं नायोबियम या धातूच्या पातळ थरांमध्ये गेली, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

स्पिनट्रॉनिक्स म्हणजे इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचं अंगभूत इवलंसं चुंबकत्व, वापरून माहिती साठवणं आणि हाताळणं. वैर खरंच आहे. सुपरकंडक्टरमध्ये, म्हणजे पुरेसा थंड केल्यावर विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थात, इलेक्ट्रॉन जोडीनं वाहतात आणि नेहमीच्या जोडीत एकाचा स्पिन वर, दुसऱ्याचा खाली असतो. लोहचुंबकाला सगळे स्पिन एकाच दिशेला हवेत. त्यामुळे सुपरकंडक्टर नायोबियमला लोहचुंबक कोबाल्टचा थर लावला, की आत शिरलेली जोडी काही नॅनोमीटरमध्येच फुटते. पण दोघांचेही स्पिन एकाच दिशेला असले, तर अशा जोडीवर चुंबकाचा राग नसतो.

तशी जोडी आणायची कुठून? सीमेजवळ चुंबकनाची दिशा बदलती ठेवली तर ती आपोआप तयार होते, हे बर्गेरेट, वोल्कोव आणि एफेटोव यांनी २००१ मध्ये गणितानं दाखवलं. होल्मियम हा धातू इथे कामी येतो. त्याच्या स्फटिकात अणूंच्या थरागणिक चुंबकनाची दिशा थोडी थोडी वळत जाते, मळसूत्रासारखी. २०१० मध्ये केंब्रिजच्या रॉबिन्सन, विट आणि ब्लॅमायर यांनी नायोबियमच्या दोन थरांमध्ये कोबाल्ट ठेवला, कोबाल्टच्या दोन्ही अंगांना होल्मियम लावलं, आणि रोधाशिवायचा प्रवाह कोबाल्टमधून पार गेला. कोबाल्ट जाड करत नेला तरी हा प्रवाह फार हळूहळू कमी होत होता. मला आजही हा प्रयोग फार देखणा वाटतो.

करायला मात्र किचकट. शुद्ध नायोबियमचा रोध ९.२ केल्विनला (सुमारे उणे २६४ अंश सेल्सिअसला) शून्यावर येतो. व्हॅक्यूम चेंबरमध्ये जरासा ऑक्सिजन उरला तरी हा आकडा घसरतो. सीमा मळकी झाली तर प्रवाह पलीकडे पोचतच नाही.

आपल्याकडचंही एक सांगायला हवं. १९९३-९४ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत निकेल-बोरॉन-कार्बनच्या संयुगांत सुपरकंडक्टिव्हिटी सापडली. त्याच कुळातल्या अर्बियम या धातूच्या संयुगात चुंबकत्व आणि सुपरकंडक्टिव्हिटी चक्क एकत्र नांदतात.

आता बिलाचं. ४ केल्विनवरची १ वॅट उष्णता बाहेर काढायला तत्त्वतःच सुमारे ७० वॅट लागतात आणि प्रत्यक्षात कित्येक शेकडा. शिवाय अशा थरांच्या चुंबकी मेमरीतला बिट पलटवायला ऊर्जा लागतेच. त्यामुळे महापेच्या साध्या सर्व्हरांसाठी यावर आस लावू नका. क्वांटम कॉम्प्युटरची गोष्ट वेगळी, त्याचे सुपरकंडक्टिंग क्यूबिट (माहिती धरणारे घटक) मुळातच याहून कितीतरी थंड ठेवावे लागतात. मेमरीही त्याच क्रायोस्टॅटमध्ये (अतिथंड ठेवणाऱ्या पात्रात) बसवता आली, तर बाहेरून आत येणाऱ्या तारा कमी होतील आणि त्यांच्यावाटे शिरणारी उष्णताही. माझ्या मते पहिला खरा उपयोग तिथेच होईल.